रनीमीडचे नामशेष वीर

लंडन शहराच्या पश्चिमेस सुमारे दहा कोसांवर थेम्स नदीच्या काठी रनीमीड नावाचे विस्तीर्ण कुरण आहे. जॉन राजाने १२१५ साली आपल्या सरदारांस सुप्रसिद्ध सनद दिली ती येथेच. कुरणालगत कूपर्स हिल ही टेकडी आहे. हिंदुस्थानातील कालवे, पूल व रस्ते बांधण्यासाठी इंजिनिअर तयार करणारे विद्यालय १८७२ पासून १९०६ पर्यंत याच टेकडीवर होते. आम्ही ती चढलो, ते मात्र एक निराळेच स्थान पाहण्याकरितां.

दुसऱ्या महायुद्धात विमानांतून गेलेल्या, परंतु ज्यांचे थडगे कोठेच नाही अशा वीस हजारांहून अधिक जणांचे हे स्मारक होय. सर एडवर्ड मॉफ या शिल्पज्ञाने ते योजिले व १७ ऑक्टोबर १९५३ रोजी राणी एलिझाबेथ यांनी त्याचे उद्घाटन केले. मध्ये चौक, आणि आपल्याकडील देवळास असतात तशा भोवताली ओवऱ्या. ओवऱ्यांच्या अरुंद खिडक्यांच्या दगडी बाजू अर्धवट उघडलेल्या ग्रंथासारख्या दिसतात. त्यांवर वर्षवार नावे कोरली आहेत. 'नामशेष' हा शब्द आपण नाश या अर्थी सर्रास योजितो. त्याचा मूळ अर्थ, ज्याचे केवळ नाव उरले तो, हा आम्हांस येथे डोळ्यांनी वाचावयास मिळाला.

ब्रिटिश बाँबर दलात सुमारे सव्वा लाख वैमानिक होते. त्यांपैकी ५५,५७३ मृत्यू पावले. १६ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतील धरणे फोडण्यास १९ लँकेस्टर विमाने निघाली, त्यांतील ८ परतली नाहीत. व्हर्नन बायर्स या कॅनडाच्या वैमानिकाचे विमान धरणांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच हॉलंडच्या किनाऱ्यानजीक तोफेच्या माऱ्याने समुद्रात पडले. आत सात जण होते. पुढे काही आठवड्यांनी मागील तोफा सांभाळणाऱ्याचा देह सापडला. त्यास हार्लिंगन येथे मूठमाती मिळाली. उरलेल्या सहांना समुद्राने परत दिले नाही. त्यांची नावे येथे आहेत. बडोद्याचे गवई इनायत खान यांची कन्या नूर हिचेही नाव येथे आहे. हवाई दलाच्या महिला विभागातून ती गुप्त बिनतारी कामगिरीवर फ्रान्सात गेली व १९४४ साली दाखौच्या छावणीत मारली गेली.

अशा घरी तार येई ती 'बेपत्ता' एवढीच. मुलगा मेला म्हणून रडावे, की शत्रूच्या कैदेत असेल म्हणून देव पाण्यात घालावे? सरकार साधारण सहा महिन्यांनी मृत्यू गृहीत धरी. आईचे मन असल्या मुदतीस कसे जुमानणार? आपल्या धर्मशास्त्रकारांनी ही अवस्था फार पूर्वी ओळखली होती. परागंदा झालेल्याची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाचा पुतळा करून त्यास अग्नी द्यावा, असा विधी त्यांनी सांगितला. त्यात मृतास गती जितकी अभिप्रेत आहे, तितकीच जिवंतांची सुटकाही आहे, असे आम्हांस वाटते. ज्यांस तो पुतळा ठाऊक नव्हता, त्यांस या शिळेवरील अक्षरांनी तोच आधार दिला.

विंडसरचा राजवाडा येथून जवळच असून मनोऱ्यावरून दिसतो. तो पाहण्यास जाणाऱ्या आपल्या मंडळींनी अर्धा दिवस काढून ही टेकडी अवश्य चढावी, आणि कोणत्याही एका खिडकीपाशी थांबून निदान एक नाव पूर्ण वाचावे.