मारुंजीची मंडळी संग्रहालयात

पुण्याच्या माणसाला शनिवारवाडा पाहावयाचा असेल, तर त्याच्या घरी परगावचा पाहुणा यावा लागतो. पाहुणा आला की पर्वती, पाहुणा आला की सारसबाग, आणि पाहुणा जरा चौकस निघाला की केळकर संग्रहालय! मी सदाशिव पेठेत सत्तर वर्षे काढली. शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय माझ्या घरापासून पायी दहा मिनिटांच्या वाटेवर. या सत्तर वर्षांत मी ते किती वेळा पाहिले म्हणाल? तीन वेळा. एकदा मेहुण्यांबरोबर, एकदा व्याह्यांबरोबर, आणि एकदा बाजीराव रस्त्यावर वळवाच्या पावसाने गाठले म्हणून. तिकीट काढून आडोसा घेणारा तेथे मीच पहिला असेन.

आता मात्र मी तेथून वीस-बावीस किलोमीटर लांब, मारुंजीस राहतो. आणि गेल्या श्रावणात ते संग्रहालय मी चौथ्यांदा पाहिले. खरे सांगावयाचे तर पहिल्यांदाच पाहिले. त्याचीच ही हकीकत.

मारुंजी म्हणजे मुळशी तालुक्यातले, हिंजवडीला खेटून असलेले गाव. सहा वर्षांपूर्वी पेठेतला आमचा वाडा पाडला आणि मी मुलाकडे येथे राहावयास आलो. आमचे बिऱ्हाड अकराव्या मजल्यावर. एका गॅलरीतून हिंजवडीच्या संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती दिसतात, तर दुसरीतून उरलीसुरली शेते आणि त्यांच्यामागचा डोंगर. खाली जुने गावठाण आहे. तेथून आम्हांला दूध येते. दूध घालणाऱ्या गृहस्थांच्या वृद्ध आईला सारी सोसायटी 'दुधाच्या आजी' म्हणते. त्यांचा नातू आणि माझी नात एकाच वर्गात आहेत, आणि दोघांचे गूळपीठ असे की एकाला शिंक आली तर दुसरे नाक पुसते.

श्रावणात सोसायटीच्या मुलांची सहल काढावयाचे ठरले. मुलांचे मत पाण्यात डुंबावयाच्या बागेकडे, आयांचे मत मॉलकडे. पण आमचे सेक्रेटरी शिस्तीचे. ते म्हणाले, "सहल शैक्षणिक झाली पाहिजे." झाले! केळकर संग्रहालय ठरले. सहल सोसायटीच्या सभासदांपुरतीच, असाही एक नियम निघाला. तेव्हा माझ्या नातीने जाहीर केले की, तिचा मित्र आला नाही तर ती येणार नाही, आणि आजोबाही येणार नाहीत. मला न विचारताच माझा असा वापर झाला. पण त्यामुळे दुधाच्या आजींचा नातू आला, आणि एवढ्या लांब पोराला एकटे कसे धाडावे म्हणून आजीही आल्या. नवे लुगडे, हातात कापडी पिशवी, पिशवीत शेंगदाण्याचे लाडू.

अडतीस मुले आणि नऊ मोठी माणसे, अशी आमची वरात रविवारी सकाळी निघाली. एरवी हिंजवडीचा चौक ओलांडेपर्यंत माणसाचे एक पुस्तक वाचून होते. पण सुटीचा दिवस म्हणून वाकडचा पूल, औंध, विद्यापीठ असे करीत आम्ही वेळेवर पोहोचलो. बस गल्लीत शिरेना, म्हणून रस्त्यावरच उतरलो.

चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी मुलांसाठी पंचवीस प्रश्नांची प्रश्नपत्रिका तयार केली होती. हेतू उत्तम, पण परिणाम असा की, मुलांनी वस्तूंकडे पाहिलेच नाही. वस्तूखालची पाटी वाचावयाची, उत्तर उतरवावयाचे, पुढे पळावयाचे! 'दिव्यांचे दोन प्रकार लिहा' या प्रश्नाला एका चिरंजीवांनी 'पितळी व मोठा' असे उत्तर लिहिले, आणि त्यांच्यामागच्या सहाजणांनी ते विश्वासाने उतरवून घेतले. सेक्रेटरी घड्याळ पाहत "पुढे चला, पुढे चला" म्हणत होते. पाऊण तासात तीन मजले, असा त्यांचा हिशेब होता.

ते "पुढे चला" ऐकले आणि मला औंध आठवले. पुण्याजवळचे नव्हे, साताऱ्याकडचे औंध संस्थान. तेथील राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर चित्रसंग्रहालय उभारले. १९५९ साली आमच्या शाळेची सहल तेथे गेली होती. आत रविवर्म्याची चित्रे आहेत; पण मास्तरांनी आम्हांला असे काही हाकलले की, त्यांतले एकही चित्र माझ्या ध्यानात राहिले नाही. राहिले ते एक लहानसे शिल्प: आई आणि तिचे मूल. ते का राहिले? तर त्याच्यासमोरच माझ्या वहाणेचा अंगठा तुटला, आणि तो बसवीपर्यंत मला तेथे बसावे लागले! ते शिल्प हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचे, हे मला पुढे वीस वर्षांनी कळले. तोपर्यंत ती आई माझ्या ओळखीची झालेली होती.

तर आमची वरात अशी धावत असता एके ठिकाणी अडली. पाहतो तो दुधाच्या आजी एका कपाटापुढे उभ्या, आणि त्यांच्या पदराशी त्यांचा नातू व माझी नात. कपाटात पितळेच्या वज्र्या मांडलेल्या होत्या. कोणावर हत्ती, कोणावर मोर, कोणावर स्वार. मुलांना वाटले खेळणी.

"ही व्हय? ही वजरी," आजी म्हणाल्या. "पाय घासायची. आमची मातीची असायची, भाजल्याली. ही बड्या घरची." आणि भर दालनात भिंतीला एक हात टेकून, पाऊल उचलून त्यांनी टाच कशी घासावयाची ते करून दाखविले. मुले आधी हसली. मग एकेक करून गोळा झाली. पहारेकरी गर्दी हटवावयास आला, आणि तोही ऐकत उभा राहिला.

त्यानंतर आमची वाटाडी बदलली. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी तर आजींना उसंत मिळेना. ही खवणी, हा सोऱ्या, ही किसणी. कोणती वस्तू कशी धरावयाची, ती धरली की हाताला कोठे घट्टे पडतात, सासू कोठे बसे, सून कोठे. पाटीवर यांतले काही लिहिलेले नसते. लिहिता येणेही कठीण.

मग आम्ही नक्षीच्या लाकडी दारांपाशी आलो, आणि आजी गप्प झाल्या. थोड्या वेळाने मला म्हणाल्या, "भाऊ, आमच्या जुन्या घराला अशी चौकट व्हती. एवढी मोठी न्हाई, पन येलबुट्टीची. घर पाडलं तवा इकली. चार मानसांनी टेम्पोत घातली. कुन्या हाटेलाला लावली म्हनं." त्यांनी दाराला हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. "हितं आली असती तर बघाय तरी आलो असतो."

यावर काय बोलावे ते मला सुचेना. आणि सुचले असते तरी बोलावयाचा अधिकार मला नव्हता, हे पुढच्याच दहा मिनिटांत सिद्ध झाले.

पुढे अडकित्ते होते. अडकित्ता म्हणजे सुपारी कातरावयाचे साधे हत्यार. पण जुन्या कारागिरांना त्यात घोडा दिसला, पोपट दिसला, नवरा-बायकोची जोडी दिसली. त्यांत एक मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता, आणि तो पाहताच मी नकळत मोठ्याने म्हणालो, "अरे, हा तर आमच्या अण्णांचा!"

म्हणजे अगदी तोच नव्हे, तसाच. माझे वडील जेवण झाले की ओटीवर बसून सुपारी कातरीत. त्या कटकट आवाजावर आम्ही भावंडे दुपारची झोपत असू.

"मग तो कुठे आहे, आजोबा?" नातीने विचारले.

वाचकहो, वाडा सोडताना घरात तीन पिढ्यांचे सामान होते, आणि मारुंजीच्या जागेत भिंतीतली कपाटे. बंब, घंगाळ, पानाचा डबा, अडकित्ता, साऱ्याचा एकच ढीग केला. भंगारवाल्याने तराजू आणला. पितळ एकीकडे, लोखंड एकीकडे. मी पैसे मोजून घेतले, आणि त्या संध्याकाळी घर मोकळे झाले म्हणून मला बरेही वाटले. तो मोर नेमक्या किती रुपयांना गेला हे मला सांगता येणार नाही, कारण तो वेगळा तोललाच नव्हता.

"विकला," मी म्हणालो.

"का?"

जागा नव्हती, हे उत्तर तयार होते. पण हाताएवढ्या वस्तूसाठी अकराव्या मजल्यावर जागा नव्हती, हे त्या कपाटापुढे उभे राहून म्हणवेना.

ज्यांनी हे संग्रहालय उभारले त्या दिनकर गंगाधर केळकरांचा जन्म १८९६ चा. घरचा धंदा चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचे वेड लागले, आणि १९९० साली देह ठेवीपर्यंत ते सुटले नाही. जुने वाडे, बाजार, मोडीची दुकाने असे ते देशभर हिंडले. दुसऱ्यांना जी अडगळ वाटे, ती ते पदरमोड करून घरी आणीत. आणि पत्नी कमलाबाई या कामी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. कोथरूडला पहिल्या बाजीरावाने मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी उचलून आणून येथे पुन्हा उभे केले. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले, आणि पुढे सारा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. २०,००० हून अधिक वस्तू. जागेअभावी त्यांतल्या सुमारे २,५०० च मांडलेल्या असतात. लोकांना चष्मे देणाऱ्या घरातल्या या माणसाने सगळ्यांना पाहावयास शिकविण्यासाठीच जणू हे घर बांधून ठेवले, आणि आम्ही ते पाऊण तासात उरकू म्हणत होतो!

सेक्रेटरींना श्रेय दिले पाहिजे. ते माझ्यामागेच उभे होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिले, मग आजींभोवतीच्या घोळक्याकडे पाहिले, आणि घड्याळावर बाही ओढून घेतली. प्रश्नपत्रिका उलटी करावयास सांगितली आणि हुकूम सोडला: प्रत्येकाने आवडेल ती एकच वस्तू निवडावयाची, तिच्यापुढे अर्धा तास बसावयाचे, आणि मागच्या कोऱ्या बाजूला तिचे चित्र काढावयाचे. वहिनी क्षणभर हिरमुसल्या. पण थोड्या वेळाने त्याही एका दिव्यापुढे पेन्सिल घेऊन बसलेल्या दिसल्या.

त्या अर्ध्या तासात संग्रहालयात जी शांतता पसरली, तशी मी आमच्या सोसायटीत मध्यरात्रीही अनुभवलेली नाही. 'पितळी व मोठा' लिहिणारे चिरंजीव मस्तानी महालात मांडी घालून बसले होते. त्यांनी एकच खांब काढला, पण त्यावरची नक्षी तीनदा खोडून पुन्हा काढली. जेवणाला दोन वाजले. मस्तानी महालापलीकडचे बरेचसे संग्रहालय आम्ही पाहिलेच नाही. त्याबद्दल एकाही मुलाने तक्रार केली नाही. उलट 'पुन्हा केव्हा?' असे विचारले.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ सालापासून एक बसच सजवून शाळांच्या दारी पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. बसमध्ये मावतील तेवढ्याच वस्तू. आणि मला वाटते, त्यातच तिचे बळ आहे. आपणांपैकी कोणी मुलांना घेऊन संग्रहालयास जाणार असेल, तर अनुभवाचे चार बोल सांगतो. आधी फोन करून गर्दीची वेळ टाळावी. चाळीस मुलांची एक रांग न करता दहा-दहांच्या टोळ्या कराव्या. सारे मजले पाहण्याचा हट्ट धरू नये. एक दालन पुरे. पाटी वाचण्याआधी वस्तू पाहू द्यावी. आणि प्रत्येक टोळीबरोबर एक तरी आजी न्यावी. आपली नसेल तर शेजाऱ्यांची मागून न्यावी.

परतीच्या वाटेवर आजींचे लाडू साऱ्या बसला पुरले. आजी खिडकीशी बसल्या होत्या. वाकडच्या पुलावर त्या म्हणाल्या, "माळ्यावर एक जुनी समई हाय. पाय मोडलाय. पोरगं म्हनतं टाकून दे." एवढेच बोलून त्या बाहेर पाहू लागल्या. परवा दूध द्यावयास त्यांचा नातू आला होता, तेव्हा समईचा पाय डाखून आणल्याचे त्याने सांगितले.

आता दिवाळी आली. घरोघर झाडलोट निघेल, माळे उपसले जातील, आणि भंगारवाल्याची हाळी खालच्या फाटकाशी ऐकू येईल. आमच्याकडे गेल्या रविवारी नातीने स्वतःच माळा उपसला. हाती लागले ते जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले, आणि वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या करून प्रत्येक वस्तूपुढे ठेवल्या. १. पणजीचा कुंकवाचा करंडा. २. तांब्या, पोचा आलेला. ३. देवघरातली घंटा, लोळी नाही.

चौथ्या चिठ्ठीपुढे वस्तू नव्हती. नुसतीच चिठ्ठी होती: '४. पणजोबांचा अडकित्ता. मोर. आजोबांनी विकला.'

सून ती चिठ्ठी उचलू लागली. मी म्हटले, राहू दे.