जपलेली गाडी

मागच्या मे महिन्यात लेकीकडे इटलीला, तुरिनला गेले होते. तुरिन म्हणजे फियाटचं माहेर. एका संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो, तर शेजारच्या गल्लीत कापडी टपाची, फिकट पिवळी, चिमुकली गाडी उभी. काचेवर पाटी, 'वेंदेसी'. म्हणजे विकणे आहे.

जावईबापू गाड्यांचे वेडे, तिथेच थबकले. फियाट १२४ स्पायडर, १९७२ सालची. हे मॉडेल १९६६मध्ये तुरिनच्याच मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा आलं. घडण पिनिनफारिनाची. १९८५पर्यंत ते बनत होतं आणि त्यातल्या बहुतेक गाड्या अमेरिकेला गेल्या. ही मात्र घरीच राहिलेली.

तेवढ्यात मालक बाहेर आले. ऐंशीच्या पुढचे आजोबा. "इतकी वर्षं झाकून ठेवली असेल ना?" मी विचारलं. जावयांनी ते इटालियनमध्ये सांगताच आजोबा हसले. म्हणाले, झाकून ठेवली असती तर केव्हाच संपली असती! दर रविवारी फेरी ठरलेली. त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. आत रबरी दातेरी पट्टा असतो, गाडी चालो न चालो, तो वयानं जुना होतोच, वेळेवर बदलावा लागतो. उभ्या गाडीचे रबर वाळतात, टाकीत गंज धरतो. आता त्यांच्या गुडघ्याला क्लच झेपत नाही, म्हणून विकायची. पण अट एकच, घेणाऱ्यानं ती चालवायला हवी.

मी गप्प झाले.

आमच्याकडेही फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी, मूळ घराणं याच तुरिनचं. ह्यांनी १९८६मध्ये हौसेनं घेतलेली. २००९मध्ये हे गेले. मुलानं किल्ली मागितली, तर मी म्हटलं, "राहू दे, बाबांची आठवण आहे. कुठे ठोकलीस तर?" त्यानं पुन्हा कधी मागितली नाही. मी दर पावसाळ्याआधी नवं कव्हर घालत राहिले. चार वर्षांनी मेकॅनिकला बोलावलं तेव्हा टायर चिरलेले, टाकी गंजलेली, इंजिन जाम. शेवटी भंगारवाल्यानं ओढून नेली. मुलगा गॅलरीत उभा होता, एक शब्द बोलला नाही. जपते जपते म्हणत मीच ती घालवली.

पुण्याला परतल्यावर कपाटातलं ह्यांचं किल्लीचं घड्याळ काढलं. पंधरा वर्षं मऊ फडक्यात गुंडाळलेलं, बंद. घड्याळजीकडून तेलपाणी करून घेतलं आणि मुलाच्या हातात दिलं. "रोज घाल. रोज किल्ली दे," एवढंच म्हटलं.

"आपटलं तर?" तो म्हणाला.

"आपटू दे," मी म्हटलं.