सावित्रीबाईंची तयारी

भोसरी

चि. सौ. सुनंदा,

सावित्रीबाई फुले यांच्या मृत्यूची हकिगत मुलांना बहुधा एकाच प्रसंगापुरती सांगितली जाते : १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोहोचवले, त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हे सांगितलेच पाहिजे. मात्र तो दवाखाना तेथे आधीच उभा होता, हे सांगायचे राहून जाते. साथ पसरू लागताच त्यांनी आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांना बोलावून घेतले आणि पुणे शहराबाहेर हडपसरजवळ, ससाणे मळ्याच्या मोकळ्या जागेत रुग्णांची सोय केली. पाठीवरचे मूल कोठे न्यायचे हे त्या माउलीला ठाऊक होते, आणि मुलांच्या मनावर ठसायला हवे ते हेच.

आधीच तयारी ठेवण्याची ही दृष्टी साथीबरोबर अचानक आलेली नव्हती. भोसरीवरून जाणारा नाशिक रस्ता ज्या जुन्नर तालुक्यातून पुढे जातो, तेथील ओतूरहून २० एप्रिल १८७७ रोजी त्यांनी पती जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात दुष्काळाचे भीषण वर्णन आहे, तसेच सत्यशोधक समाजाच्या, म्हणजे १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सुधारक संघटनेच्या, कार्यकर्त्यांनी उभारलेल्या मदत समित्यांचीही माहिती आहे.

प्लेग हा जिवाणूजन्य रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. पण शास्त्राचा खुलासा घरोघरी पोहोचण्याची वाट न पाहता लोकांनी अनुभवाने एक खूण हेरली होती, ती अशी की घरात उंदीर पडू लागले की बिऱ्हाड उचलायचे आणि माळावर झोपडी घालून राहायचे. कुटुंबाची आपत्कालीन सिद्धता म्हणतात ती हीच : धोक्याची खूण ओळखणे आणि पुढचे पाऊल आधीच ठरवून ठेवणे.

भोसरीत आई एका शिफ्टला आणि वडील दुसऱ्या शिफ्टला जातात, त्यामुळे भाड्याच्या खोलीत मूल काही वेळ एकटे असते, आणि म्हणून धोक्याची खूण त्यालाही कळली पाहिजे. सिलिंडरमधला स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो आणि दिव्याच्या बटणाच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकतो. म्हणून वास येताच कोणतेही बटण न चालू करता, न बंद करता, मुलाने दार उघडून बाहेर पडावे, शेजारच्या काकूंना हाक मारावी आणि बाहेरूनच ११२ ला फोन लावावा. रेग्युलेटर बंद करण्याचे काम मोठ्यांचे. मुलाला शौर्य शिकवण्याच्या भरात ते त्याच्या गळ्यात घालणे अन्याय्य ठरेल. आईवडिलांचे फोन नंबर मात्र त्याला तोंडपाठ हवेत, कारण मोबाईल नेमका त्या वेळी हाताशी असेलच असे नाही.

३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीची भाषणे होतात, तर १० मार्चकडे घरी सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्या दिवशी मुलांना ही हकिगत सांगून, त्यांच्याच हातांनी औषधांच्या डब्यातील मुदत संपलेल्या गोळ्या वेगळ्या काढाव्यात, टॉर्चचे सेल तपासावेत आणि संकटाच्या वेळी चाळीबाहेर भेटण्याची जागा त्यांना प्रत्यक्ष चालत नेऊन दाखवावी.



मामा