एका गावाच्या नावाचा व्हिसा

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी पासपोर्ट हातात घेऊन पाहिला आहे? आमच्या चौथीच्या वर्गात मी हा प्रश्न विचारला, तेव्हा तीनच हात वर झाले. मग मी पिशवीतून माझ्या आईचा पासपोर्ट काढला आणि मुलांकडे दिला. गडद निळं छोटंसं पुस्तक, वर सोनेरी राजमुद्रा. पानं उलटता उलटता मुलं एका पानावर थबकली. त्या पानभर एक रंगीत, चकचकीत कागद चिकटवलेला होता. त्यावर आईचा फोटो, तारखा आणि कितीतरी आकडे.

"बाई, हे विमानाचं तिकीट काय?"

"नाही रे, हा व्हिसा."

"म्हणजे काय?"

त्या एका प्रश्नाचं उत्तर द्यायला मला दोन तास लागले. आणि ते शिकायला मला स्वतःला सात-आठ महिने लागले होते! त्याचीच ही गोष्ट.

माझी धाकटी बहीण जर्मनीत सारब्रुकन नावाच्या शहरात राहते. २०२२ च्या ऑक्टोबरात तिला मुलगी झाली. आईला पहिली नात! "बारशाला मीच पाळण्याची दोरी ओढणार," असं आईनं साऱ्या वाडीला सांगून टाकलं. माझी दिवाळीची सुट्टी होतीच. बाळ यायच्या आधीच आमचा बेत पक्का झाला होता. आईकडे पासपोर्टही होता. बाबा असताना २०१३ साली दोघांनी हौसेनं एकाच दिवशी काढलेला. दुबई पाहायची, असं बाबा म्हणायचे. ते राहूनच गेलं. आईच्या पासपोर्टची सगळी पानं कोरीच होती.

आता पासपोर्ट आणि व्हिसा यांतला फरक आधी सांगते. पासपोर्ट आपल्याला आपलं सरकार देतं. 'ही आमच्या देशाची व्यक्ती आहे', असा तो दाखला. पण दाखला दाखवला म्हणून कोणी आपल्याला घरात घेईलच असं नाही. ज्या देशात जायचं, त्या देशानं 'या' म्हणायला हवं. ते 'या' म्हणजेच व्हिसा.

आमच्या कोकणात बेड्याशी कोणी अनोळखी माणूस उभा राहिला, की आजोबा ओसरीवरूनच विचारतात : कोण आपण? काय काम काढलंत? मुक्काम किती दिवस? परदेशी वकिलातसुद्धा हेच विचारते. फक्त ती तोंडी उत्तर ऐकून घेत नाही, कागद मागते. आणि आणखी दोन प्रश्न विचारते : खर्च कोण करणार? आणि परत नक्की जाणार ना?

एकदा हे पाच प्रश्न ध्यानात आले, की कागदांचा गठ्ठा पाहून घाबरायला होत नाही. कोण? – पासपोर्ट आणि फोटो. कशासाठी? – बहिणीचं आमंत्रणपत्र. किती दिवस? – विमानाचं जाण्यायेण्याचं आरक्षण. खर्च कोणाचा? – माझ्या मेव्हण्यांनी तिथल्या कचेरीत जाऊन सही केलेलं हमीपत्र, शिवाय आमची बँकेची पासबुकं. परत जाणार ना? – माझी नोकरी, मंजूर झालेली रजा, जिल्हा परिषदेचा ना हरकत दाखला. आणि आईचं कुटुंब निवृत्तिवेतन, घराचे कागद. त्याखेरीज आजारपणाचा विमा लागतो. तो निदान ३०,००० युरोंचा हवा. परक्या मुलखात पाहुणा आजारी पडला, तर दवाखान्याचा खर्च कोणावर पडू नये, म्हणून ही काळजी.

सप्टेंबरात एका रात्री कोकणकन्येत बसून आम्ही दोघी मुंबईला गेलो. सकाळी स्टेशनावरच चहा घेतला आणि व्हिसा अर्ज केंद्रात पोचलो. माझी फाइल इतकी नीटनेटकी होती, की मला स्वतःलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती! खिडकीतल्या ताईंनी आईचा पासपोर्ट उघडला, शेवटची तारीख पाहिली आणि विचारलं, "परत कधी येणार?"

"८ नोव्हेंबरला."

"मग हा पासपोर्ट चालणार नाही."

मला वाटलं, काहीतरी घोटाळा होतोय. पासपोर्ट तर २० जानेवारी २०२३ पर्यंत चालू होता! पण नियम असा, की परतीच्या तारखेनंतरही पासपोर्टची मुदत निदान ३ महिने शिल्लक हवी. म्हणजे ८ फेब्रुवारीपर्यंत. आम्हांला १९ दिवस कमी पडले. हा नियम काही गुपित नव्हता. सूचनांमध्ये स्पष्ट छापलेला होता. मी वर्गात 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' म्हणून रोज ओरडते, आणि मीच सूचना वाचली नव्हती!

नवा पासपोर्ट काढला, पण तो येईपर्यंत केंद्रातल्या जवळच्या तारखा संपल्या आणि दिवाळीची सुट्टीही सरली. बारसं आईनं मोबाइलवर पाहिलं. वाडीतल्या चार बायका आमच्या ओटीवर जमल्या. पाळण्याचं गाणं आईनं इथून म्हटलं आणि दोरी मात्र तिथं शेजारच्या एका बाईंनी ओढली. आई मला एका शब्दानं बोलली नाही. ती रागावली असती, तर मला जास्त बरं वाटलं असतं.

मग मी सूचना अक्षरन् अक्षर वाचल्या. तुम्हांलाही त्यातल्या थोड्या सांगते. अर्ज प्रवासाच्या आधी ६ महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी करावाच लागतो. निकालाला साधारण १५ दिवस लागतात, कधी कधी ४५ सुद्धा. पासपोर्टमध्ये दोन कोरी पानं हवीत. १२ वर्षं पूर्ण झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेतात, त्याहून लहान मुलांचे नाही. शुल्क तेव्हा मोठ्यांना ८० युरो होतं. ११ जून २०२४ पासून ते ९० युरो झालं आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. सहाच्या आतल्या बाळांना माफ.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी आम्ही पुन्हा अर्ज केला. या वेळी सगळं जमलं. व्हिसा हाती आला आणि त्यावर लिहिलेलं मी वाचून पाहिलं. 'कुठे वैध?' या रकान्यात जर्मनीचं नाव नव्हतं. तिथं जर्मन भाषेत छापलं होतं, 'शेंगेनर श्टाटेन', म्हणजे शेंगेनचे देश.

हे शेंगेन म्हणजे काय? मुलांनो, ते चक्क एक खेडेगाव आहे!

६ मे २०२३ ला आम्ही फ्रँकफुर्टला उतरलो. खिडकीतल्या अधिकाऱ्यानं आईकडे पाहून इंग्रजीत काहीतरी विचारलं. आईला प्रश्न कळला नाही, पण काय विचारत असणार हे मात्र बरोबर कळलं. तिनं ठासून मराठीत सांगितलं, "नात बघायला आलेय!" मी भाषांतर केलं. तो हसला आणि कोऱ्या पानावर पहिला शिक्का उमटला. (१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या देशांत शिक्क्याऐवजी प्रवाशाचा फोटो आणि ठसे संगणकात नोंदवण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. त्यामुळे आईचा तो शिक्का आता जपून ठेवण्याजोगा झालाय.)

नात सहा-सात महिन्यांची झाली होती. आजीला पाहून आधी तिनं भोकाड पसरलं. तिसऱ्या दिवसापासून मात्र आजीचा पदर सोडीना.

एका रविवारी मेव्हण्यांनी आम्हांला गाडीतून शेंगेनला नेलं. सारब्रुकनहून तासाभराची वाट. पेर्ल हे जर्मनीतलं शेवटचं गाव. त्याच्यापुढे मोझेल नदी, नदीवर पूल आणि पुलापलीकडे लक्झेंबर्ग देशातलं शेंगेन. दोन्ही काठांच्या उतारांवर द्राक्षांचे मळेच मळे. आणि दक्षिणेकडे थोडं सरकलं, की फ्रान्स! तीन देश एकमेकांना खेटून. इथली नदी एकट्या कोणाची नाही बरं का, ती जर्मनी आणि लक्झेंबर्ग या दोघांच्या सामाईक मालकीची आहे. आपल्याकडे दोन भावांची विहीर असते ना, तशी.

याच नदीत १४ जून १९८५ रोजी 'प्रिन्सेस मारी-आस्त्रिद' नावाच्या बोटीवर पाच देशांचे प्रतिनिधी जमले : बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी. आपसातल्या हद्दींवरची तपासणी हळूहळू बंद करायची, असा करार त्यांनी केला. यातल्याच काही देशांनी त्याआधी चाळीसेक वर्षांपूर्वी एकमेकांशी महायुद्ध केलं होतं! २६ मार्च १९९५ ला सात देशांनी हद्दींवरची तपासणी खरोखर उठवली. आम्ही गेलो तेव्हा असे २७ देश होते. रुमानिया आणि बल्गेरिया आल्यावर आता २९ झाले. म्हणून एक व्हिसा साऱ्यांना चालतो. इंग्लंड मात्र त्यात नाही. आमच्या व्हिसावर प्रवेशाच्या रकान्यात '०१' होतं. म्हणजे एकदा बाहेर पडलं, की पुन्हा आत येता येणार नव्हतं.

पुलावर आम्ही पायी चढलो. आईनं पर्सची चेन उघडून पासपोर्ट हातात धरला होता.

"कोणाला दाखवायचा?" तिनं विचारलं.

दाखवायला कोणीच नव्हतं. दोन मुलं सायकलवरून पलीकडे गेली. एक आजोबा पावाची पिशवी घेऊन अलीकडे आले. पुलाच्या मध्यावर आई थांबली. एका देशातून दुसऱ्या देशात चाललो होतो आणि कोणी 'कोण?' म्हणून विचारत नव्हतं. आई म्हणाली, "आपल्या शेजारच्या आजीला हे सांगायला हवं."

का ते सांगते. आमचं गाव बांद्याजवळ, गोव्याच्या वेशीवर. आमची मुलं सायकलवरून गोव्यात जातात आणि येतात. त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोव्यावर पोर्तुगालचं राज्य होतं. हद्दीवर चौक्या होत्या, परवाना लागत असे. आमच्या शेजारच्या आजी तेव्हाच्या माहेरवाशीण. त्या सांगतात, "माजा म्हायार पेडण्यात. पन परवानो नाय तर जातलंय कशी?" माहेर दोन-तीन कोसांवर, आणि मध्ये परका देश!

आता गंमत पाहा. १९९५ साली ज्या सात देशांनी हद्दी मोकळ्या केल्या, त्यांत पोर्तुगालही होता.

हद्दी मोकळ्या झाल्या तरी सगळीकडे, कायमच्या मोकळ्या झाल्या असं मात्र समजू नका. संकटाच्या वेळी तपासणी पुन्हा सुरू करायची मुभा त्या नियमांतच आहे. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनी हद्दींवर, लक्झेंबर्गच्या बाजूनंसुद्धा, ती तात्पुरती सुरू केली आणि नंतर मुदत वाढवत नेली. तेव्हा शेंगेनच्या पुलावरही पासपोर्ट खिशात हवाच. ही मोकळीक माणसांनी ठरवून आणलेली असते. म्हणून ती जपावीही लागते.

परत आल्यावर आईनं आजींना पुलावरचा फोटो दाखवला. आजींनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग विचारलं, "पोलीस खंय उबो रवता?"

"नाय गे, पोलीसच नाय!"

आजी कितीतरी वेळ फोटोकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरा झाला."

मुलांनो, आता तुमच्यासाठी दोन कामं. पहिलं काम : घरात कोणाचा पासपोर्ट असेल, तर आज तो काढा आणि शेवटची तारीख बघा. आईबाबांना सांगा, की प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात आणि ते बदलतात. भारतीयांना नेपाळला जायला तर व्हिसाच लागत नाही! म्हणून त्या त्या देशाच्या वकिलातीनं प्रसिद्ध केलेली माहितीच वाचायची. कोणाच्या सांगण्यावरून खोटा कागद कधीही जोडायचा नाही. आपण खरे पाहुणे असलो, तर खरी उत्तरं देण्यात भीती कसली?

दुसरं काम गणिताचं. आम्ही ६ मेला पोचलो आणि २७ मेला निघालो. तर आमचा मुक्काम किती दिवसांचा? माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी वजाबाकी करून २१ सांगितले. चूक! व्हिसाच्या हिशेबात यायचा दिवसही धरतात आणि जायचा दिवसही. बोटांवर मोजून बघा. आणि सूचना नीट वाचा, बरं का! नाहीतर कोणाच्या तरी आजीचं बारसं हुकायचं.