खोटी दाढी

माझ्या कपाटात एक लहानसा पितळी करंडक आहे. १९७० साली कॉलेजच्या स्नेहसंमेलनात शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधील न्यायालयाचा प्रवेश आम्ही मराठीत केला होता. त्यात शायलॉकची भूमिका केल्याबद्दल तो मला मिळाला. पुढे कितीतरी वर्षे आल्यागेल्याला तो मी कौतुकाने दाखवीत असे. गेल्या वर्षी मुलाने एक जुना फ्रेंच विनोदी चित्रपट मला लावून दिला, आणि त्यानंतर तो करंडक कुणाला दाखवावा असे वाटेनासे झाले.

तो शायलॉक मी कसा उभा केला होता? पाठीला पोक, चेहऱ्यावर मेणाचे लांब वाकडे नाक, हनुवटीला डिंकाने चिकटवलेली दाढी, आणि सतत एकमेकांवर चोळले जाणारे हात. मूळ नाटकातील त्याचे दुःख आम्ही ‘प्रवेश लांबतो’ म्हणून गाळून टाकले होते. उरला तो केवळ लोभी म्हातारा. सभागृह हसून हसून लोटपोट झाले. ती दाढी माझ्या हनुवटीला चिकटवून देणारा माझा मित्र मात्र स्वतः बेने इस्रायली, म्हणजे यहुदी होता. आणि त्याचे वडील तिसऱ्या रांगेत बसले होते.

त्याचे वडील रेल्वेत नोकरीला होते. अलिबागकडचे हे घराणे. आडनावाच्या शेवटी ‘कर’. कोकणात त्यांच्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ म्हणत, कारण ते तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी तो बंद ठेवीत. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी दिवा लागे. नवस फेडायचा असला की पोह्यांचा मलिदा होई आणि वाटीभर आमच्याकडेही येई. बडोद्यात चार पिढ्या काढलेल्या आमच्या मराठीत गुजरातीची सरमिसळ झाली होती, मित्राच्या आईची मराठी ऐकून माझी आजी म्हणे, “खरी भाषा हिच्या तोंडात राहिली गं!” यहुदी म्हणून मला प्रत्यक्ष ठाऊक असलेली माणसे एवढीच. तरीही रंगभूमीवर यहुदी उभा करताना त्यांच्यापैकी कुणीही माझ्या डोळ्यांसमोर आले नाही. कुठल्याशा परक्या पुस्तकातले चित्र आले.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला हाक मारली. चहा पुढे ठेवला आणि अगदी गंभीर चेहऱ्याने विचारले, “तुझ्या त्या शायलॉकचं गाव कुठलं रे?”

मी गोंधळलो. तेव्हा तेच म्हणाले, “अलिबागकडचा वाटला नाही. म्हणून विचारलं.”

आम्ही सगळेच हसलो. मी जरा अधिकच मोठ्याने हसलो. विषय तेथे संपला, असे मला वाटले.

गेल्या वर्षी पाहिलेला चित्रपट म्हणजे जेरार उरी यांनी दिग्दर्शित केलेला ‘रब्बी जेकबची साहसे’. लुई द फ्युनेस हा फ्रान्सचा लाडका विनोदी नट त्यात व्हिक्टर पिव्हेर नावाच्या कारखानदाराची भूमिका करतो. या गृहस्थांना परके कुणीच चालत नाहीत. आपला मोटारचालक सालोमन यहुदी आहे, हे त्यांना मुलीच्या लग्नाला निघाले असता वाटेत कळते आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. पुढे मोटार तळ्यात पडते. नेमका शुक्रवारचा सूर्य मावळलेला असतो. सालोमन शांतपणे सांगतो, की आता आमचा साबाथ सुरू झाला, मी काम करणार नाही. हे दृश्य पाहताना मला एकदम ‘शनवार तेली’ आठवले. पॅरिसचा हा मोटारचालक आणि कोकणातला घाणा थांबवून बसलेला तेली एकाच नेमाने बांधलेले होते.

नंतर योगायोगांच्या साखळीत पिव्हेर यांना जीव वाचवण्यासाठी रब्बीचे सोंग घ्यावे लागते. काळा अंगरखा, हॅट, दाढी, कानांपाशी लोंबणाऱ्या बटा, आणि सोबत तशाच वेशात एक अरब क्रांतिकारक. पॅरिसच्या यहुदी वस्तीत लोक त्यांना न्यूयॉर्कहून येणारे रब्बी जेकब समजतात, मिठ्या मारतात, भर रस्त्यात नाचायला लावतात. यहुद्यांना नाके मुरडणारा हा माणूस त्यांच्यात नाचू लागतो आणि बघता बघता त्याला ते आवडू लागते.

येथे मी थबकलो. दाढी तीच, अंगरखा तोच. माझ्या सोंगात होती ती जवळजवळ सगळी सामग्री या चित्रपटातही होती. पण मी दाढी लावली तेव्हा लोक यहुद्याला हसले. पिव्हेरने लावली तेव्हा लोक पिव्हेरला हसतात. दाढी कोण लावतो आणि तिच्याआडून कोण उघडा पडतो, यावर सारे अवलंबून आहे.

या विनोदामागची माणसे कोणत्या आगीतून आली होती, हे मी नंतर वाचले. उरी स्वतः यहुदी. महायुद्धात यहुदीविरोधी कायद्यांमुळे त्यांना फ्रान्स सोडावे लागले होते. खऱ्या रब्बी जेकबच्या भूमिकेत मार्सेल दालियो आहेत. हे नट फ्रान्समधून निसटून अमेरिकेला गेले, आणि मागे पॅरिसमध्ये नाझींनी ‘नमुनेदार यहुदी चेहरा’ म्हणून त्यांचेच छायाचित्र भित्तिपत्रकांवर लावले. त्यांचे आईवडील छळछावणीत गेले ते परत आले नाहीत. तोच चेहरा १९७३ साली पडद्यावर एका हसऱ्या, प्रेमळ वृद्धाचा म्हणून आला. १८ ऑक्टोबर १९७३ रोजी, अरब-इस्रायल युद्ध चालू असतानाच, चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्यावर बंदी घाला अशी मागणी करीत त्या दिवशी एका स्त्रीने विमान ओलीस धरले आणि पोलिसांच्या गोळीने ती मारली गेली. अशा दिवसांत फ्रान्समधील ७० लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो चित्रपट पाहिला, आणि त्यात यहुदी सालोमन व अरब स्लिमान हस्तांदोलन करतात.

विनोद सर्व रोगांवर औषध आहे, असे मला म्हणायचे नाही. ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये १९४० साली चॅप्लिनने हुकूमशहा आणि यहुदी न्हावी एकाच चेहऱ्याचे दाखवले, पण छळछावण्यांतील सत्य ठाऊक असते तर तो चित्रपट आपण करू शकलो नसतो, असे त्याने १९६४ साली आत्मचरित्रात लिहिले. ‘बोरात’ २००६ साली आला तेव्हा नायकाच्या यहुदीद्वेषाची टिंगल काही प्रेक्षक टिंगल म्हणून ओळखणारच नाहीत, अशी चिंता अमेरिकेतील यहुदी संस्थेनेच व्यक्त केली होती. हसणारा नेमका कशाला हसतो आहे, हे नटाच्या हाती पूर्णपणे कधीच नसते.

आपल्यासारख्या, मुलखाबाहेर रुजलेल्या घरांना हे निराळे सांगायला नको. हिंदी चित्रपटातला मराठी माणूस बहुधा हवालदार आणि मराठी बाई बहुधा मोलकरीण, याची चीड आपण अनेकदा व्यक्त केली आहे. मात्र आपल्याच बैठकीत मारवाडी वा सिंधी माणसाचा किस्सा रंगला, की आपले हसणे सगळ्यात मोठे असते.

चित्रपट पाहिल्यावर मी इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या मित्राला फोन केला. पिव्हेरच्या गमती सांगितल्या, मग करंडकाचे बोललो, आणि शेवटी इतक्या वर्षांनी का होईना, चुकले असे म्हणालो.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबा त्या रात्री जेवले नव्हते. तुला कळू द्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. सकाळी आईला म्हणाले, पोरगा आपल्यातलाच आहे, त्याला हसवूनच सांगावं लागेल.”

काका जाऊन आता खूप वर्षे झाली. त्यांनी एका वाक्यात मला जे सांगितले होते ते समजायला मला अर्धे शतक आणि एक फ्रेंच चित्रपट लागला. करंडक मी टाकलेला नाही. परवा नातीने तो कशाचा म्हणून विचारले, तेव्हा तिला मी शायलॉकची नव्हे, काकांची गोष्ट सांगितली. ती हसली, आणि मग तिने विचारले, “पण आजोबा, ते जेवले का नव्हते?”