मुघलसराईच्या दाराशी

सुरत म्हटले की आम्हां मराठी माणसांच्या मनात १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या उभ्या राहतात. तापीकाठच्या गांधीबागेतून आम्ही मुगलीसरा भागात गेलो, तो समोर पहिल्या स्वारीहून वीस वर्षांनी वडील अशी मुघलसराई! शहाजहानच्या अमदानीत, १६४४ मध्ये, हजयात्रेकरूंसाठी ती बांधली गेली. जहाजाची वाट पाहणारे परमुलखाचे पांथस्थ येथे विसावत. पुढे येथे नगरपालिकेची कचेरी आली. चार रात्रींच्या मुक्कामाच्या वास्तूत कायम वसलेल्यांचा कारभार सुरू झाला. ज्या सुरतेवर मराठ्यांची घोडी चालून आली, तिनेच पुढे खानदेशातून पोटासाठी आलेल्या आमच्या हजारो बांधवांना घर दिले. पांथस्थाचा रहिवासी कसा होतो, हे ती सराई मुकाट्याने सांगत होती.