गोळी आणि रोजा

अब्बांना पहिला झटका आला तो फजरच्या वजूला बसलेले असताना. लोटा हातातून सुटला, उजवा हात आखडला, तोंडाला फेस आला. एटापल्लीचा आमचा मोहल्ला धावत आला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी दातांत चमचा घालायला निघाला. एक बुजुर्ग हळूच म्हणाले, "असर है." वयाच्या ६६व्या वर्षी नव्यानं मिरगी येत नसते, असंच सगळ्यांना वाटत होतं. मलाही.

सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक चुकवत जीपनं आलापल्ली गाठली, तिथून पुढे नागपूर. डॉक्टरांनी विचारलं, लकवा कधी मारला होता? दोन वर्षांपूर्वी. मेंदूवर राहिलेला तो जुना व्रण आता त्रास देत होता. उतारवयात सुरू होणाऱ्या मिरगीचं हे नेहमीचं कारण.

फेनिटोइन सुरू झालं. झटके थांबले, पण अब्बा झोकांड्या खाऊ लागले. तेंदूपत्त्याच्या फळीवर उभी हयात ताठ काढलेला हा दिवाणजी भिंत धरून मशिदीत जाऊ लागला. लोक काय समजले असतील, सांगायला नको. या औषधाचा डोस जरा वाढला की रक्तातलं प्रमाण एकदम चढतं. वर्षानुवर्षं घेतलं तर हाडंही ठिसूळ होतात. दुसऱ्या डॉक्टरांनी ते हळूहळू कमी करत, मूत्रपिंडाची तपासणी करून, लहान मात्रेत लेव्हेटिरासिटॅम दिलं. चाल सुधारली. चिडचिड वाढली, अम्मी म्हणते, ती औषधाआधीचीच.

मग २०२४चा रमजान. अब्बांनी कुणाला न सांगता गोळ्या सोडल्या. सातव्या रोजाला जोहरनंतर झटका आला. शुद्धीवर येताच पहिला प्रश्न, "रोजा टूटा क्या?" मी भडकलो. सूरह बकरात आजाऱ्याला सवलत आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. सवलत घेणारा म्हणून चारचौघांत ओळखलं जाणं त्यांना नको होतं. हे मी आधी विचारायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, सहरी आणि इफ्तारला गोळी बसवता येईल, पण झोपमोडीनंही झटका येतो. तरावीह, मग पहाटे सहरी. झोप होते कुठे? शेवटी अब्बांनी स्वतःच फिदियाचा हिशेब मांडला. सहरीला मात्र उठायचंच, हा हट्ट. "बरकत का वक्त है, बेटा."

तडजोड अशी ठरली: उठायचं, अम्मीसोबत बसून गोळी घ्यायची, फजर पढायची आणि आठपर्यंत झोपायचं. साडेसहालाच ओट्यावर येऊन बसतात.